वाचक विचारतात : वरचा पंख पुढे सरकवावा का?

प्रश्न : मी आणि माझा धाकटा भाऊ घरच्या शेडमध्ये दोन सीटचं दुपंखी विमान बांधतो आहोत. नकाशे विकत घेतलेत, पंखांच्या बरगड्या तयार आहेत. समोरच्या सीटवर चढता-उतरताना फार अडचण होईल असं वाटतं, म्हणून वरचा पंख जरा पुढे घ्यावा असं भावाचं म्हणणं. तुम्ही उघड्या कॉकपिटमध्ये बसून आलात असं कळलं. बांधणाऱ्याला त्यातून काही वेगळं कळतं का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : पुष्कळ कळतं. मकरपुऱ्यातल्या शेडमध्ये माझंही काम चालूच आहे. मुलीकडे केंब्रिजला गेलो होतो, तेव्हा जवळच्या डक्सफर्डच्या धावपट्टीवरून टायगर मॉथ या जुन्या दुपंखी विमानात बसलो.

आधी भावाचा मुद्दा. तुम्हाला सुचलं तेच डी हॅविलंड कंपनीने १९३१ साली टायगर मॉथ घडवताना केलं होतं. समोरच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यावर वरचा पंख, त्यातच पेट्रोलची टाकी. पॅराशूट बांधून तो बाहेर पडणार कसा? म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे घेतला. पण त्याबरोबर पंखांची हवेतली उचलही पुढे गेली आणि तोल बिघडला. तो सावरायला पंख मागे झुकवावे लागले. टायगर मॉथचे पंख आजही तसे दिसतात. त्यांच्याकडे हिशेब करणारी आणि चाचणी घेणारी माणसं होती. तुम्ही मात्र नकाशा ज्यांचा, त्यांना विचारल्याशिवाय एक इंचही सरकवू नका.

आता फेरीबद्दल. प्रवासी पुढे, वैमानिक मागे. चढताना पाय पंखाच्या मुळाशी असलेल्या पट्टीवरच ठेवायचा, पलीकडे नुसतं कापड. प्रोपेलर हाताने फिरवला आणि १३० अश्वशक्तीचं जिप्सी मेजर इंजिन सुरू झालं. विंडशील्ड एवढंसं, डोकं जरा बाजूला काढलं की गॉगल थरथरतो. डावीकडे दोन पंखांमधल्या खांबावर पत्र्याची एक पट्टी होती. वारा तिला मागे ढकलतो आणि ती आकड्यांवर वेग दाखवते. किती साधी आणि किती खरी वस्तू!

वर गेल्यावर वैमानिकाने मुद्दाम रडर (शेपटीचं सुकाणू, ते पायातल्या पेडलने फिरतं) न देता विमान डावीकडे वळवलं. लगेच डाव्या गालावर वारा आदळला. मग त्याने डावा पेडल दाबला आणि वारा पुन्हा नाकासमोर आला. स्टिक, म्हणजे हातातला दांडा, बाजूला झुकवली की नाक आधी उलट्या बाजूला जातं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, आकृत्याही काढल्या होत्या. ते कळलं मात्र तिथे. आपण पेडल बसवतो तेव्हा पाय आरामात पुरतो का, एवढंच बघतो. तो पाय वळणावर सतत काम करणार आहे, हे धरून माप घ्या.

उतरताना इंजिन मंद केलं तशा पंखांमधल्या तारा वाजू लागल्या. वेग घटला की सूर खाली यायचा. त्याच तारा आपण शेडमध्ये ताणत बसतो. तो सूर कानात भरून घ्यावा म्हणून तरी बसून या.

चढण्याच्या अडचणीवर उपाय आहे. फ्युजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, दोन्ही बाजूंना खाली पडणारी दारं नकाशात आहेत का, पाहा. टायगर मॉथला ती आहेत. कापड चढवण्याआधी सांगाड्यात फळी टाका, वरच्या पंखाच्या जागी पुठ्ठा बांधा आणि जाड कोट घालून दोघांनी आत-बाहेर करून बघा. डोपचं, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या लेपाचं, काम पावसाळ्यानंतरच काढा, दमट हवेत ते पांढरं पडतं.