गणित सोडू नका, चित्रवहीही मिटू नका

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. गणित आणि भौतिकशास्त्रात तिला चांगली गती आहे, पण हातातली पेन्सिल सुटत नाही. वह्यांच्या समासातसुद्धा चित्रंच असतात. आता विषय निवडायची वेळ आलीय. तिचे बाबा म्हणतात, चित्रकला छंद म्हणून ठेव, हल्ली तर यंत्रंच चित्रं काढतात. तिला दोन्ही हवंय. कला आणि तंत्रज्ञान एकत्र शिकवणारा एखादा छोटा कोर्स पाहावा का? (एक आई)

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तसला छोटा कोर्स आत्ता नको. त्यात बहुतेक वेळा दोन-चार सॉफ्टवेअर हाताळायला शिकवतात, आणि मुलगी नोकरीला लागेपर्यंत ती जुनी झालेली असतात. दोन्ही विषय थोडे थोडे येणाऱ्यांची गर्दी खूप आहे. एक विषय पक्का आणि दुसरा कामापुरता हातात बसलेला, अशी माणसं मात्र शोधावी लागतात. तिच्यासाठी मी हाच रस्ता सुचवेन.

तुमच्या घरातला वाद नवा नाही. स्पेनमधल्या सांतियागो रामोन इ काहाल नावाच्या मुलाला चित्रकार व्हायचं होतं. वडील डॉक्टर, त्यांना हे थेर वाटायचे. मुलगा शेवटी वैद्यकाकडे गेला, पण चित्रं काढणं त्यानं सोडलं नाही. 1887 साली त्याला कामिल्लो गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाची एक पद्धत समजली. तिच्यात चांदीच्या क्षारामुळे मेंदूतल्या मोजक्याच पेशी, पण मुळापासून टोकापर्यंत, काळ्या रंगतात. स्वतः गॉल्जीचं म्हणणं असं, की मेंदू म्हणजे तंतूंचं एकसंध जाळं. काहालनं त्याच पद्धतीनं केलेल्या पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या आणि दिसेल ते कागदावर उतरवत गेला. आता गंमत बघा. नुसतं पाहताना ‘इथे तंतू एकमेकांत मिसळत असावेत’ असं म्हणून पुढे जाता येतं. रेखाटताना तशी सोय नसते. ही रेघ इथे थांबते की शेजारच्या पेशीत शिरते, हे पेन्सिल टेकवायच्या आधी ठरवावंच लागतं. काहालच्या चित्रांत रेघ थांबली. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, असं त्यानं मांडलं. 1906 साली दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं, आणि गॉल्जीनं त्या भाषणातही आपलं जाळंच लावून धरलं! पुढच्या काळानं कौल दिला तो काहालच्या बाजूनं. त्याची रेखाटनं आजही मेंदूविज्ञानाच्या पुस्तकांत छापतात.

बाबांना एवढं जरूर सांगा, की चित्र काढायची सवय म्हणजे निरखायची सवय. प्रयोगशाळेत ती फुकट जात नाही.

उलट दिशेनंही देवाणघेवाण चालते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग करणारा कारागीर लाल रंग बनवत होता. त्यानं वापरलेला पोटॅश नावाचा क्षार अशुद्ध निघाला आणि लालऐवजी गडद निळा रंग हाती आला, तोच प्रशियन ब्लू. चित्रकारांना स्वस्त, टिकाऊ निळा मिळाला. तो जपानपर्यंत पोचला आणि तिथल्या होकुसाई या चित्रकाराच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रात उतरला. 1842 मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं त्याच रसायनातून सायनोटाइप ही छपाईची रीत काढली. इमारती आणि यंत्रांचे निळे नकाशे पुढे तिच्यावरच निघू लागले. शरीरात गेलेलं किरणोत्सारी सीझियम बाहेर काढायला आज हेच रसायन औषध म्हणून देतात. ही साखळी आधी कोणीही आखलेली नव्हती.

आता यंत्रांच्या चित्रांविषयी. बाबांची काळजी मी उडवून लावणार नाही. 1839 साली छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, आणि छोटी व्यक्तिचित्रं काढून पोट भरणाऱ्यांचा धंदा पुढच्या काही दशकांत बसला. जे काम केवळ ‘चेहरा हुबेहूब उतरवून द्या’ एवढंच होतं, ते गेलं. आजही मागणीबरहुकूम नेहमीची चित्रं करून देणाऱ्यांवर संकट आहेच. पण त्याच कॅमेऱ्यानं 1878 साली एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराच्या हातून धावत्या घोड्याची चित्रमालिका टिपली. घोड्याचे चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पुढे-मागे ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात, हे तिच्यात दिसलं. चित्रकार तोवर ते ताणूनच काढत आले होते. त्यानंतर घोड्यांची चित्रंच बदलली. यंत्र एक काम हिसकावतं आणि पाहण्याची दुसरी तऱ्हा देऊन जातं. कोणतं काम जाईल याची यादी मी देऊ शकत नाही, पण काय काढायचं हे ज्याला ठरवता येतं आणि यंत्राचं कुठे चुकलं हे ज्याला दिसतं, त्याची बाजू बरी असते.

तुमच्या मुलीच्या दृष्टीनं मला सर्वांत जवळचं वाटतं ते संगणकीय चित्रणाचं क्षेत्र. एड कॅटमल यांना लहानपणी ॲनिमेटर व्हायचं होतं. आपला हात तेवढा चांगला नाही असं वाटून ते भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्राकडे वळले. 1972 साली त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा साचा मोजून तो संगणकावर हलवून दाखवला. पुढे ते पिक्सार या ॲनिमेशनपट बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि संगणकशास्त्रातलं मानाचं ट्यूरिंग पारितोषिक 2019 साठी त्यांना पॅट हॅनरहान यांच्यासोबत मिळालं.

या क्षेत्रातला एक नमुना सांगते. संगणकावर काढलेले सुरुवातीचे चेहरे प्लॅस्टिकचे वाटायचे. कारण हिशेब असा केला जायचा, की प्रकाश कातडीवर आपटतो आणि तिथूनच परत फिरतो. प्रत्यक्षात तो कातडीत शिरतो, आत विखुरतो आणि थोडा बाजूला बाहेर पडतो. कानामागे दिवा असला की पाळी लालसर उजळते, ती त्यामुळेच. 2001 साली हेन्रिक येन्सेन आणि सहकाऱ्यांनी याचं वापरता येईल असं गणित मांडलं. तैलरंगातले चित्रकार मात्र पारदर्शक रंगाचे पातळ थर एकावर एक देऊन हीच जिवंत कांती शतकानुशतकं साधत होते. समीकरण सोडवणारा आणि ‘हा गाल मेणाचा दिसतोय’ हे ओळखणारा माणूस एकच असेल, तर काम किती सोपं होतं!

आणखीही वाटा आहेत. वास्तुकला आणि वस्तूंचं डिझाइन सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्यात शिरत नाही. वैद्यकीय चित्रण हा स्वतंत्र व्यवसाय आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 1911 पासून त्याचा विभाग आहे. जुन्या कलाकृतींच्या जतनाचं शास्त्र हे आणखी एक. व्हॅन गॉगच्या चित्रांतला पिवळा तपकिरी का पडतो, हे संशोधकांनी क्ष-किरणांच्या मदतीनं शोधलं. रंगातल्या क्रोमियमचं प्रकाशामुळे रूप बदलतं, हे त्यातलं कारण. मात्र रसायनशास्त्र सोडून दिलेल्याला ही वाट अवघड जाते.

म्हणून आत्ता विषय निवडताना गणित आणि विज्ञान ठेवा. गणितात एक पायरी गाळली की पुढची सगळी डळमळते, आणि मधली तीन-चार वर्षं गेल्यावर परत बसणारे फार थोडे असतात. चित्रकलेला प्रवेशपत्र लागत नाही, पण सराव मात्र लागतो. जमल्यास आठवड्यातून दोनदा प्रत्यक्ष वस्तू किंवा माणूस समोर ठेवून काढायला सांगा, फोटोवरून नको. कच्ची रेखाटनं टाकू नका. डिझाइनच्या प्रवेशाच्या वेळी तुकतुकीत चित्रांपेक्षा ती अनेकदा जास्त बोलतात.

मुख्य विषय कोणता हे दोन वर्षांनी ठरवलं तरी चालेल. तोवर आवड कशाची आहे हे विचारत बसू नका, कंटाळा कशाचा येत नाही ते बघा. एकच हात वीस वेळा काढताना ती वैतागते, की गणितात अडकलेलं उदाहरण तिसऱ्यांदा मांडताना? ज्या विषयातली रटाळ मेहनत तिला सोसवते, तो मुख्य.

आणि एक विनंती. तुमच्या पत्रात बाबांचं मत आहे, तुमची काळजी आहे, तिचं मात्र एकच वाक्य आहे. पुढचं पत्र तिला लिहू द्या. सोबत समासात चित्रं असलेली दोन-चार पानं असली तर उत्तमच.