नेदरलँड्समध्ये अंडं लपतं ते सॉसमध्ये

तुम्ही विचारलंय की घरात कुणीच अंडं खात नाही, मुलगी सहा वर्षांची आहे, तर नेदरलँड्समध्ये कसं जमेल. व्हिसा, विमा वगैरे सरकारी संकेतस्थळांवर आहे. फक्त जन्मदाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजीतला आत्ताच काढून घ्या. आमचा मराठीत होता. अपॉस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरायला लागणारा सरकारी शिक्का, मूळ दाखल्यावर हवं की भाषांतरावर, यावर खिडकीतल्या दोन माणसांचंच एकमत होईना, आणि हेलपाटे आम्हाला. आठवलं की अजून डोकं तापतं.

घरचा स्वयंपाक अडत नाही. अडतं सॉसपाशी. भारतात बिनअंड्याचं मेयोनेज सर्रास मिळतं, हिरवा ठिपका पाहिला की झालं. इथे 'शाकाहारी' लिहिलेल्या बाटलीत अंडं असू शकतं, म्हणून 'व्हेगन' शोधा. घटकांच्या यादीत अंडं ठळक छापावंच लागतं, ते वाचायची सवय लावा. इथे मेयोनेज म्हणून विकायला निदान ७० टक्के स्निग्धांश आणि ५ टक्के बलक लागतो. फ्रीतसाउस, म्हणजे तळलेल्या बटाट्यांवरचा सॉस, मेयोनेजहून पातळ आणि गोडसर, पण बलक बहुधा त्यातही असतो. रेमुलाड नावाची सॉस डेन्मार्कमध्ये पिवळी, लोणच्याच्या तुकड्यांची, फ्रान्समध्ये मोहरीची. दोन्हींचा पाया मेयोनेजच.

गाडीवर नुसतं 'पताट मेत' म्हटलंत की तळलेल्या बटाट्यांवर मेयोनेजचा जाड गोळा पडतो. 'पिंडासाउस' मागा. तो इंडोनेशियाकडून आलेला दाण्याचा सॉस, मात्र कोळंबीची पेस्ट नाही ना, हे विचारून घ्या.

एकटेपणाचंही विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, पुढे निभतं.

मुलीने बाहेर अंडं खायचं की नाही, हे मात्र दोघांनी बसून आधी ठरवा. माझा मुलगा गणितात वर्गात पुढे होता, तरी प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी शाळेने माध्यमिकसाठी खालच्या शाखेची शिफारस केली, कारण काय, तर घरी डच बोलत नाही. ते मला अजून पचलेलं नाही. त्याच वर्षी सहलीत सगळ्यांच्या हातात मेयोनेज घातलेल्या तळलेल्या बटाट्यांचे कागदी कोन होते, त्यानेही घेतला. आणखी एका गोष्टीत त्याला वेगळं पाडायचं माझ्या जिवावर आलं. आता तो घरीही खातो. सासूबाईंना आम्ही सांगितलेलं नाही, आणि उन्हाळ्यात त्या इथे येतायत.