ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायका सभेत बोलत का नाहीत?

तुम्ही विचारलंय, वहिनी सदस्य झाल्यात पण मासिक सभेत नुसती सही करून येतात, शिक्षण कमी म्हणून का?

मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात पाच वर्षं सदस्य होते. बी.ए. झालेली. पहिलं दीड वर्ष मीही सहीच केली, तेव्हा शिक्षणाचं राहू द्या.

मेख नोटिशीत आहे. सभेची नोटीस विषयांसकट तीन दिवस आधी हातात पडायला हवी. आमच्याकडे शिपाई सकाळी यायचा, सभा अकराला. ज्वारीची काढणी चालू असताना रोजंदारी बुडवून कोण जाणार? मग संध्याकाळी प्रोसिडिंग बुकच, म्हणजे सभेचे ठराव लिहायची वहीच, घरी यायची. पंचायतीची परवानगी न घेता सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जातं, त्यामुळे घरपोच आलेली वही उपकारच वाटायची. सह्यांच्या वर अर्धं पान कोरं. त्यात नंतर काय लिहिलं, ते गटारीचं बिल निघालं तेव्हा कळलं.

राज्यात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण आरक्षण फिरतं. कुठे रोकडवही समजायला लागावी, तर वॉर्ड दुसऱ्याच प्रवर्गाला गेलेला. (तोवर नवऱ्याला मात्र ऑफिसातली खुर्ची पाठ होते.) त्यात २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून. पूर्वी सरपंच व्हायला सदस्यांची मतं लागायची, तेव्हा निदान दारात येऊन चहा तरी घ्यायचे.

आणि भाषा. आमच्याकडं बऱ्याच घरांत कन्नड. माझ्या शेजारी बसणाऱ्या मावशी पाण्याच्या टाकीवरून गल्लीत तासभर भांडायच्या, कन्नडमधून. सभेत ‘सर्वानुमते मंजूर’ कानावर पडलं की पदर सावरून गप्प.

वहिनींना एवढंच सांगा, कोऱ्या पानाखाली सही नको. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे हा विषय क्रमांक एक असतो, तिथंच ‘वाचून दाखवा’ म्हणायचं. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ग्रामसेवक चष्मा शोधायला लागले. सरपंच म्हणाले, ताई, वेळ जातो. मी एकेक ठराव मावशींना कन्नडमध्ये सांगत गेले. शेवटी त्यांनी मोठ्यांदा विचारलं, अन् तेही मराठीत, “टाकी कुठं लिवलीय ह्यात?”

कुठंच नव्हती.