‘किवालो दोल्गोझो’चे दोन बिल्ले: नकली कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हंगेरीच्या जुन्या टपाल तिकिटांच्या लॉटमध्ये दोन बिल्ले आले. दोन्हींवर ‘किवालो दोल्गोझो’ हीच अक्षरं, पण वरचं राष्ट्रचिन्ह वेगळं. विकणारा म्हणतो, त्यातला एक नकली असणार. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय, हा नाद वाढवावा का.

नकली बहुधा एकही नाही. ‘किवालो दोल्गोझो’ म्हणजे ‘उत्कृष्ट कामगार’. कारखान्याकारखान्यातून हा मान इतक्या लोकांना मिळाला की बिल्ले आजही स्वस्तात मिळतात. स्वस्त वस्तूची नक्कल करायला कोण बसणार? तुमच्याकडे एकाच बिल्ल्याच्या दोन राजवटी आल्या आहेत, एवढंच.

पहिल्या फोटोत गव्हाच्या लोंब्यांच्या वेढ्यात हातोडा आणि गव्हाची ओंबी एकमेकांवर फुलीसारखी आहेत, वर तारा. आपल्याकडच्या भाकपच्या कणीस-विळ्याची आठवण होते, पण इथे विळा नाही, हातोडा आहे. हे स्टालिनवादी नेता राकोशी याच्या काळातलं चिन्ह, १९४९च्या राज्यघटनेबरोबर आलेलं. दुसऱ्यात लोंब्या आणि तारा तसेच आहेत, पण मध्ये लाल-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची ढाल आहे. हे उठावानंतर सत्तेवर आलेल्या कादारच्या काळातलं, १९५७ पासून राजवट संपेपर्यंत चाललेलं. या दोघांच्या मध्ये कम्युनिस्ट राजवटीविरुद्धचा १९५६चा उठाव आहे. त्या ऑक्टोबरात लोकांनी झेंड्याच्या मधलं राकोशी चिन्ह कापून काढलं आणि भोक पडलेला झेंडाच उठावाची खूण झाला. उठाव चिरडला गेला, पण ते चिन्ह परत आणायची हिंमत नव्या सरकारनेही केली नाही. मधले काही महिने कोशुत चिन्ह वापरात होतं: बिनमुकुटाची ढाल, त्यावर तीन टेकड्यांवरचा दुहेरी क्रूस आणि पट्टे. १९४६ ते १९४९ या काळातही तेच होतं. म्हणून बिल्ला हातात आला की अक्षरं नंतर वाचा, आधी चिन्ह बघा. निम्मं वय तिथेच कळतं.

उच्चाराचं एक सांगून ठेवतो, कारण त्यावाचून शोधाशोध अडते. हंगेरियनमध्ये एकटा ‘एस’ म्हणजे ‘श’, आणि ‘एस-झेड’ जोडून आले की ‘स’. त्यामुळे बुडापेस्ट तिथे बुदापेश्त होतं, आणि स्टाखानोव्हवाद्याचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा कित्येक पट काम करणाऱ्या कामगाराचा, बिल्ला ‘स्ताहानोविश्ता’. हे उच्चार देवनागरीत रोमनपेक्षा सरळ बसतात असं मला वाटतं.

आता नादाबद्दल. या पदकांची उतरंड समजली नाही तर पैसे वाया जातात. सगळ्यांत वर सरकारी सन्मान: ‘समाजवादी श्रमाचा वीर’, ‘श्रमाचा लाल ध्वज’, आणि ‘मुंका एर्देमरेंद’ म्हणजे श्रम सन्मान. हा शेवटचा सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशा तीन दर्जांत मिळे. यातलं ‘सुवर्ण’ हे दर्जाचं नाव आहे, धातूचं नव्हे. वजन करून सराफाकडे नेऊ नका, मी नेलं होतं. सराफाने भिंगातून बघून नुसतं हसून परत दिलं. त्याखाली मंत्रालयांचे मान: खाणकामगार, रेल्वेवाले, हलके उद्योग, प्रत्येकाचा वेगळा. आणि तळाशी कारखान्यांचे स्वतःचे बिल्ले. नवशिके वरून सुरुवात करतात. माझं मत उलट आहे, खालून करा.

कारण खरी विविधता खाली आहे. ‘त्यॉर्झगार्दा’ हा शब्द लक्षात ठेवा. एकाच कारखान्यात वर्षानुवर्षं टिकलेल्या कामगाराला तो बिल्ला मिळायचा, पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस वर्षं अशा टप्प्यांनी. गान्त्स-मावाग या रेल्वे इंजिनवाल्यांचा वेगळा, इकारुश बसवाल्यांचा वेगळा, चेपेलच्या लोखंड कारखान्याचा वेगळा. एकाच कारखान्याचे सगळे टप्पे जमवायचं ठरवलं तरी दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि खिशाला झेपतं. दुसरा मार्ग समाजवादी ब्रिगेडच्या, म्हणजे कारखान्यातल्या कामगार-गटांच्या, बिल्ल्यांचा. ‘समाजवादी पद्धतीने काम करा, शिका, जगा’ ही त्यांची घोषणा. त्यात ‘शिका’ आणि ‘जगा’ याचा पुरावा म्हणून गट डायरी ठेवायचा, तिच्यात नाटकाची तिकिटं, सहलीचे फोटो, संग्रहालयाच्या भेटी चिकटवलेल्या. अशी डायरी बिल्ल्यासकट मिळाली तर घासाघीस न करता घ्या. निम्म्याहून जास्त मजकूर वरिष्ठांना दाखवायला लिहिलेला असतो हे वाचताना कळतंच, पण तेवढ्यासाठीच ती वाचण्यासारखी असते.

राकोशी काळातले बिल्ले मात्र दुसऱ्याच मिजाशीचे. १९४८च्या सुमारास ‘एल्मुंकाश’ म्हणजे आघाडीचा कामगार हा मान आला. बुडापेस्टमध्ये त्या नावाचा चौक होता आणि मेट्रो स्थानकही. आज दोन्हींचं नाव लेहेल आहे. मग स्टाखानोव्हवादी आले. १९४९च्या डिसेंबरात स्टालिनच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी कारखान्यांत खास पाळ्या झाल्या, नॉर्मच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या कामाच्या, कित्येक पट काम करणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रांत झळकली. चेपेलचा लेथवाला मुस्का इम्रे आणि रंधायंत्रावरचा पिओकेर इग्नात्स ही त्यातली सर्वांत गाजलेली. (आडनाव आधी. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं.) पुढच्याच वर्षी नॉर्म वाढवले गेले. म्हणजे शेजारच्या यंत्रावरच्या साध्या माणसाला त्याच पगारासाठी जास्त राबावं लागलं. त्यामुळे या बिल्ल्याकडे मी कौतुकाने बघत नाही, पण सोडतही नाही.

विकत घेताना मी धातूपेक्षा कागद आधी मागतो. पदकाबरोबर छोटं पुस्तकवजा प्रमाणपत्र असतं, त्यावर नाव, मानाचं नाव आणि तारीख. तारीख वर्ष, महिना, दिवस अशी उलटी लिहितात. ४ एप्रिल, १ मे, २० ऑगस्ट, ७ नोव्हेंबर या तारखा पुन्हा पुन्हा दिसतील, कारण मान सणाच्या मुहूर्तावर वाटले जात. खाणीवाल्यांचा दिवस सप्टेंबरचा पहिला रविवार. आता तुमचं मघाचं चिन्ह इथे लावा: कागदावर १९६० नंतरची तारीख आणि पेटीत राकोशी चिन्हाचं पदक असलं, तर वस्तू खरी असूनही जोडी जमवलेली आहे. या छंदात नकली पदकापेक्षा अशा लावलेल्या लग्नांनीच जास्त फसायला होतं.

कागदावरच्या बाईच्या नावाने मी एकदा बराच गोंधळलो होतो. नाव ‘इश्तवानने’ असं संपत होतं आणि मी ते एखादं आडनाव समजून शोधत बसलो. तो ‘ने’ प्रत्यय म्हणजे ‘ची बायको’. वीस वर्षं सूतगिरणीत राबून मान मिळाला, आणि कागदावर नाव नवऱ्याचं. ‘सौ.’नंतर नवऱ्याचं अख्खं नाव छापणाऱ्या आपल्या जुन्या लग्नपत्रिका आठवल्या.

मागची बाजू बघायला विसरू नका. पिन उभी की आडवी, की आटे असलेला खिळा आणि चकती. चिन्ह वेगळं करून रिव्हेटने बसवलंय की पूर्ण बिल्ला एकाच ठशातला आहे. सरकारी टांकसाळीची खूण आहे का. रंग उन्हात तिरका धरून बघा. भट्टीतला मीना काचेसारखा गुळगुळीत दिसतो, कुठे कुठे सूक्ष्म बुडबुडे असतात, आणि फुटला तर कपच्या उडतात. नंतरचा स्वस्त रंग प्लास्टिकसारखा, मध्ये किंचित खचलेला. दोन्ही खरेच, फक्त वेगवेगळ्या काळातले आणि वेगवेगळ्या खर्चातले. वहीत वेगळे नोंदवा.

साफसफाई करू नका. माझ्या पहिल्या रौप्य ब्रिगेड बिल्ल्याला मी घरच्या तांब्याच्या गडव्यासारखं चिंच-मीठ लावलं होतं. हिरवा कळंक गेला, त्याच्याबरोबर मुलामाही गेला, आणि ताऱ्याच्या एका टोकाचा मीना निघून बोटाला लागला. तो बिल्ला अजून आहे, आतून पितळेचा पिवळेपणा दाखवत. पावसाळ्यात लाल रेक्झिनच्या पेट्यांना बुरशी धरते, तेव्हा पदक आणि पेटी वेगळी ठेवा, सिलिका जेलची पुडी टाका, आणि मऊ प्लास्टिकच्या पिशव्या टाळा. त्या चिकट होऊन धातू खातात.

कधी बुडापेस्टला गेलात तर एचेरीच्या जुन्या बाजारात जा, पण विकत घेतलेला लाल तारा शर्टावर लावून फिरू नका. तिथल्या फौजदारी कायद्यात पाचटोकी लाल तारा हुकूमशाहीच्या चिन्हांमध्ये धरला आहे. स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने २००८मध्ये यावरून हंगेरीविरुद्ध निकाल दिला, २०१३मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानेही जुनं कलम रद्द केलं, तरी संसदेने बंदी थोड्या वेगळ्या शब्दांत परत आणली. शिक्षण आणि इतिहासाच्या माहितीसाठी सूट आहे. शर्ट त्यात बसत नाही.

तुम्ही दोन्ही बिल्ल्यांच्या समोरच्या बाजूचेच फोटो टाकलेत. मागच्या बाजूचे टाका, पट्टी शेजारी ठेवून. राकोशीवाल्याच्या कडेला जो काळा डाग दिसतोय तो तोवर तसाच राहू द्या.