वर्गात ऐकण्याची सवय आणि देहबोली यांसाठी कोणते गट-खेळ घ्यावेत? (सातवी, ४० मुलं)

सुरुवात ‘पाठीला पाठ’ने करा. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात. एकाच्या हातात साधं चित्र: घर, मागे डोंगर, डावीकडे विहीर. तो नुसतं सांगतो, दुसरा काढतो. पहिल्या फेरीत प्रश्न विचारायचे नाहीत, दुसऱ्या फेरीत मुभा. चित्रं शेजारी ठेवली की विहीर डोंगरावर कशी चढली यावरून मुलंच भांडू लागतात. ते भांडण चालू द्या, कोण नीट बोललं नाही आणि कोणी नीट ऐकलं नाही हे त्यातच कळतं.

देहबोलीसाठी ‘मुकी रांग’. ओठही न हलवता वाढदिवसाच्या क्रमाने, जानेवारी ते डिसेंबर, उभं राहायचं. ४० जणांची एकच रांग लावलीत तर नुसता गोंधळ. १०-१० चे गट करा. शेवटी प्रत्येकाने तारीख मोठ्याने सांगायची.

‘शिवाजी म्हणतो’ पाच मिनिटांपुरता ठीक. कानगोष्टी मात्र मी टाळतो: एका वेळी एकच मूल ऐकतं, बाकीचे खिदळतात. दमशेराज घ्यायचा तर सिनेमांची नावं नकोत. ‘बस चुकली’, ‘भाजीत मीठ जास्त झालं’ असे प्रसंग द्या.