दीडशे ऑर्क आणि एक गोधडी

प्रिय भाऊ,

उन्हाळ्याच्या सुटीत तुझ्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कॅम्पेनमधली, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पुढे नेतो त्या गोष्टीतली, नदीकाठची मोठी लढाई घ्यायची आणि दीडशे ऑर्क, म्हणजे राक्षसी शत्रुसैनिक, मांडायचे म्हणतोस. मांड. पण दीडशे फासे टाकत बसू नकोस.

एका ऑर्कच्या हल्ल्याला अर्धा मिनिट धरला, तरी साठ ऑर्कांचा एक राऊंड, म्हणजे प्रत्येकाची एक पाळी, अर्ध्या तासाचा होतो. खेळातल्या वेळात तो असतो जेमतेम सहा सेकंदांचा. माझी पहिली लढाई अशीच बुडाली. जळगावात, मे महिन्यात, दुपारी दोनला बसलो ते रात्री नऊला उठलो. तेवढ्यात चार राऊंड झाले. सैनिक म्हणून आम्ही सरकी मांडली होती. आमच्यातली एक मुलगी, जिची पाळी सात तासांत चारदाच आली, ते दाणे बोटाने रांगेत लावायची, मोडायची, परत लावायची. तिचं पात्र भावाला सोडवायला निघालं होतं आणि मी तिला नुसतं बसवून ठेवलं. ती रांग मला अजून दिसते.

तेव्हापासून मी वीस सैनिकांची एक तुकडी करतो. पुठ्ठ्याच्या एका चौकोनावर चार-पाच मिनी, म्हणजे सैनिकांच्या छोट्या बाहुल्या, बस. तुकडी तुकडीवर चालून गेली की फासा नाही, सरासरी. वीस बाजूंच्या फाशावर पंधरा किंवा जास्त पडल्यावर बाण लागत असेल, तर वीसपैकी सहा आकडे कामाचे. मग वीस तिरंदाजांचे सहा बाण लागले असं सांगून पुढे जायचं. फासे प्लेयरांच्या हातात राहू दे.

आणि शेवटचा गडी पडेपर्यंत कुणी लढत नसतं. तुकडीतले निम्मे पडले की सहा बाजूंचे दोन फासे टाक. बेरीज आठ किंवा वर आली की तुकडी पळाली. छत्तीसपैकी पंधरा वेळा हे होतं. कसलेल्या पहारेकऱ्यांना दहा ठेव, धरूनबांधून आणलेल्या गोब्लिनांना सहा. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं तेच मुळी मिनिएचरच्या युद्धखेळांतून, त्यामुळे हिंमतीचा फासा या खेळात जुनाच आहे.

सगळ्यांत जास्त डोकं मात्र एकाच गोष्टीला लाव: ही लढाई कशासाठी? बऱ्हाणपूरजवळचा असीरगड आठव. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी सातपुड्यातली वाट त्याच्या नजरेखाली. उत्तरेच्या फौजेला दख्खनेत यायचं तर ती वाट हवी, म्हणून अकबराचा वेढा महिनोन् महिने चालला. १६०१ च्या जानेवारीत गड पडला आणि खानदेशातली फारुकी राजवट संपली. तुझ्याही लढाईत अशी एक वाट असू दे, नदीचा एक उतार, म्हणजे पाण्यातून पार होता येईल अशी जागा, असू दे. ‘ऑर्क मारा’ म्हटलं की प्लेयर नुसते आकडे मोजतात. ‘दिवस मावळेपर्यंत उतार रोखा, तोवर गावच्या बैलगाड्या पार होतील’ म्हटलं, की कुणी गाड्यांकडे धावेल, कुणी नाव जाळेल, कुणी थेट ऑर्कांच्या सरदारावर जाईल.

खेळातल्या दहा मिनिटांचा एक टप्पा धर. तुकड्या सरकव, किती पडले ते सांग, मग प्लेयर जिथे आहेत तिथे तीन राऊंड नेहमीसारखे खेळ. त्यांनी सरदार पाडला, तर जवळच्या सगळ्या तुकड्यांना लगेच हिंमतीचा फासा. आपण केलेल्या कामाने आख्खी फळी हलताना त्यांना दिसली पाहिजे.

मैदानासाठी पैसे घालवू नकोस. पलंगावर गोधडी, तिच्याखाली पुस्तकं सरकवली की डोंगर, वर निळी ओढणी म्हणजे नदी. कागदी सैनिकांच्या बुडाला रुपयाचं नाणं चिकटव, नाहीतर कूलर लावला की आख्खी फौज पलंगाखाली जाते.

रविवारी ये. पुठ्ठे कापून ठेवतो. पहिला टप्पा दोघं घड्याळ लावून खेळू. तुकड्या सरकवायलाच पाच मिनिटांच्या वर लागली, तर त्या कमी करू.

तुझा,
दादा