वाचकांचे प्रश्न : फरशीला उतार, टेबल सॉमागचा आधार कसा बसवायचा?

प्रश्न : गाळ्यात कोबा आहे आणि मोरीकडे उतार. टेबल सॉपासून (टेबलातून वर येणाऱ्या गोल पात्याच्या करवतीपासून) मागच्या भिंतीपर्यंत सहा फुटांत साधारण 20 मिमीचा फरक पडतो. मागे चार पायांचं टेबल ठेवलंय, पण लांब फळी चिरताना तिचं टोक त्याच्या कडेला अडतं. पायाखाली पाचरी ठोकल्या तरी दोन-चार दिवसांत पुन्हा तेच.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पाणसळ बाजूला ठेवा. मागचं टेबल सॉच्या पृष्ठाला समांतर हवं. सॉ स्वतः किंचित कलता असला तरी चालतं, फक्त डुगडुगता कामा नये. तेव्हा प्लग काढून आधी सॉचे समोरासमोरचे कोपरे दाबून पाहा. जो पाय उचलतो त्याखाली सनमायकाचे 1 मिमीचे तुकडे चिकटवा, फट मोठी असेल तर लोखंडी पट्टी. लाकडी पाचर मशीनच्या थरथरीने सरकत बाहेर येते. तुमच्याकडे तेच होतंय.

आता टेबलाचे पुढचे दोन पाय काढूनच टाका. सॉच्या मागच्या अँगलला सागाची पट्टी बोल्टने आवळा आणि टेबलाची पुढची कड दोन बिजागऱ्यांनी तिला जोडा. भोक पाडण्याआधी आत वायर किंवा मोटर आड येत नाही ना, ते बघा. फेन्सची (फळी जिच्या कडेने सरळ सरकते त्या पट्टीची) मागची पकड सरकायलाही जागा सोडा. उरले मागचे दोन पाय. त्यांच्या तळाशी नट पक्का बसवून एम-12 चे (12 मिमी जाडीचे) 100 मिमी लांब बोल्ट लावा. एका फेऱ्यात 1.75 मिमी उंची बदलते. पातळी जमली की चेकनट (बोल्ट जागेवर धरणारा दुसरा नट) आवळा, नाहीतर बोल्ट हळूहळू फिरतो. (सॉ हलका, घडीच्या स्टँडचा असेल तर त्याला काही टांगू नका, सॉ आणि टेबल दोन्ही एकाच चौकटीवर बसवा.)

मागचं टेबल सॉच्या पृष्ठापेक्षा 2 मिमी खाली ठेवा. वर आलं तर फळी अडते. फार खाली गेलं तर फळीचं पुढचं टोक झुकतं आणि तुमच्या हाताकडचं उचलतं, तेही पात्याजवळ. सहा फुटी सरळ अ‍ॅल्युमिनियम नळी सॉवरून मागे टाका; डावीकडे, उजवीकडे आणि दोन्ही कर्णांवर तिच्या आणि टेबलाच्या मधे सनमायकाचे दोन तुकडे एकावर एक जेमतेम सरकले पाहिजेत. टेबलाच्या पुढच्या कडेला 5 मिमीचा उतार घासून द्या. मायटर गेजची (फळी आडवी कापताना ती कोनात धरणाऱ्या साधनाची) पट्टी जिथे बाहेर येते तिथे 25 मिमी रुंद, 12 मिमी खोल खाच हवी.

लांबी किती? आठ फुटी फळी चिरून संपते तेव्हा तिचा मध्य पात्यामागे चार फुटांवर असतो. आधार त्याच्याही पुढे गेला नाही तर फळी मागे कलंडते. पात्यापासून सॉची कड फूटभर असेल तर टेबल किमान चार फूट ठेवा. 18 मिमी प्लायची 8×4 शीट तीस-पस्तीस किलोची असते, म्हणून चौकटीत आडव्या पट्ट्या द्याच.

शेवटी सॉच्या आणि बोल्टच्या जागा कोब्यावर रंगाने आखा. सॉ चार इंच सरकला तरी पातळी पुन्हा लावावी लागते.

प्रश्न : त्यापेक्षा रोलर स्टँड (वर फिरता रूळ असलेला आधार) नाही का चालणार?

उत्तर : सपाट फरशीवर, मोजक्या कामाला चालेल. पण रोलर फेन्सशी काटकोनात नसला तर फळी तिरकी ओढतो. ती फेन्स सोडते किंवा पात्यावर दाबली जाऊन उलट उसळते. उतारावर स्टँड सहज वळू शकतो. घ्यायचाच तर गोट्यांचा घ्या, त्याला दिशा नसते.